आमच्या वावराखालची लाइन

माझ्या नवऱ्याला कंपनीत चालायची नोकरी होती. थट्टा करत नाही. शेजारणींचे नवरे कुणी लेथवर, कुणी भट्टीवर, कुणी पॅकिंगला; आमचे हे चालायचे. सकाळी गॅसच्या प्लँटपासून निघायचं, शिवारातून भट्टीच्या शेडपर्यंत जायचं, जेवण झालं की शेडपासून परत प्लँटपर्यंत यायचं. अंगात खाकी शर्ट, पायात कंपनीचे बूट, हातात काठी. गावातल्या टवाळांनी त्यांना 'पगारी वाटसरू' म्हणायला सुरुवात केली होती. चऱ्होलीला माहेरी गेले की माझी वहिनी विचारायची, "दाजी अजून चालतातच, का आता बसायला लागले?" मी हसून घ्यायचे. पण त्या चालण्यावर आमची चूल पेटत होती, आणि ते चालणं चुकलं तर माणूस मरेल हे मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. ती नोकरी पुढं गेली. का गेली, हे आमच्या घरातल्या तिघांना पक्कं ठाऊक होतं. तिघांपैकी एकटी मी बोलले.

आमचं गाव निगडीच्या अलीकडं. रेल्वेच्या अंगाला कोळसा उतरायचा म्हणून कंपनीनं गॅसचा प्लँट तिकडं बांधला आणि भट्ट्या हमरस्त्याच्या अंगाला. मधे आमचं वावर, त्याला लागून आमच्या भावकीचं, आणि त्याच्या पलीकडं गायरान. कोळसा अर्धवट जाळून त्याचा गॅस करायचा आणि तो बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या पाइपातून भट्ट्यांना द्यायचा, असं ते काम. जमीन न घेता कंपनीनं आमच्या वावराखालून फक्त पाइप नेला. वरची जमीन तुमची, म्हणाले. ज्वारी पेरा, गहू पेरा. पण खोल खणायचं नाही, झाड लावायचं नाही, विहीर पाडायची नाही, घर बांधायचं नाही. आमच्या सासऱ्यांचा अंगठा घेतला आणि त्यांच्या मुलाला नोकरी दिली. त्या अंगठ्यात काय काय कबूल केलं, हे सासऱ्यांना कुणी समजावून सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. नोकरी मिळाली एवढं त्यांना कळलं.

हा गॅस म्हणजे आताचा स्वयंपाकाचा गॅस नव्हे. त्याला वास असलाच तर डांबरासारखा, आणि वारा असला तर तोही येत नाही. माणूस खड्ड्यात वाकला, चार श्वास घेतले, की हातपाय गळतात आणि आपल्याला काय होतंय हे त्याचं त्यालाही समजत नाही. प्लँटवरच्या मिस्त्रीनं ह्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की हे गावात बोलायचं नाही. "लोक घाबरतील, मोर्चा आणतील. लाइन आहे म्हणायचं, बस." आता लाइन म्हणजे काय, हे गावानं आपापल्या मगदुरानं ठरवलं. अर्ध्या गावाचं मत होतं की कंपनी पवनेचं पाणी चोरून नेतेय. उरलेल्यांना वाटायचं, वीज असावी. विष आहे असं एकालाही वाटलं नाही, कारण विष कोण कशाला पुरून ठेवेल?

मी दुपारी डबा घेऊन जायचे आणि बऱ्याचदा ह्यांच्याबरोबर थोडं चालायचे. नव्या नवरीला तेवढंच मोकळेपण. त्यांनी मला सगळं शिकवलं. पिकाकडं कसं बघायचं, एखाद्या ठिकाणी ज्वारी विनाकारण पिवळी पडली तर तिथं थांबून हुंगायचं कसं, वारा कुठून येतो ते बघून उभं राहायचं कसं. कुणी कुदळ घेऊन दिसला तर आधी त्याला गोड बोलायचं, ऐकत नसेल तर त्याच्या खड्ड्यात उतरून उभं राहायचं. "मानसाच्या पायावर कुदळ कुनी घालत न्हाई," असं ते म्हणायचे. एकदा भावकीतल्या एकानं आमच्या बांधाशी, पाइपाला खेटून शौचकूप खणायला घेतलं होतं, तिथं हे खरोखरच तासभर खड्ड्यात उभे राहिले. त्यांना शिव्या मिळाल्या, पण खड्डा दुसरीकडं गेला. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता, हे इथं सांगून टाकते.

पाइप पुरला तेव्हा कंपनीनं त्याच्या बरोबर वर पिवळे दगड रोवले होते. गुडघ्याएवढे, चौकोनी, प्रत्येकावर आकडा. माझ्या खाली पाइप आहे, इथं खणू नका, एवढाच त्यांचा अर्थ. पण तो अर्थ कंपनीच्या डोक्यात. आमच्याकडं दगडाचा अर्थ वेगळा होता. आधी साखळी घेऊन मोजणीवाला येतो, मग दगड येतो, मग दगडावर आकडा येतो, मग तारेचं कुंपण, आणि एक दिवस आपल्याच वावरात जायला गुरखा आडवा येतो. पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत आमच्या सगळ्या सोयऱ्यांनी हे भोगलं होतं. दगडाला नंबर पडला की जमीन गेली, हे शेंबडं पोरही सांगायचं.

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. उंच माणूस, पांढरा पटका, आवाज करडा. अर्धी जमीन आधीच्या संपादनात गेलेली, बायको त्याच साली गेलेली, आणि दोन्हींचं दुःख त्यांनी एकाच ठिकाणी साठवलेलं, उरलेल्या तुकड्यावर. मी सून म्हणून त्यांना वाईट म्हणणार नाही असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. पण एक खरं, त्यांचा धाक जितका होता तितकीच मायाही होती. माझ्या पहिल्या बाळंतपणात आळंदीहून बसनं खारीक-खोबरं स्वतः घेऊन आले होते. आणि आणखी एक खरं, बांध कोरण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. दर नांगरटीला बांध बोटभर सरकायचा, आणि सरकल्यावरही असा दिसायचा जणू आजोबांच्या काळापासून तिथंच आहे.

एके दिवशी भर दुपारी मी डबा घेऊन निघाले तर आबा वावरात. बैलगाडी उभी, गाडीत पिवळे दगड. पहारेनं एकेक उपटून त्यांनी ते गाडीत घातले होते.

"मामा, हे काय करताय?" मी विचारलं.

"दगड जरा हलिवतो."

"कुठं?"

त्यांनी हनुवटीनं भावकीच्या वावराकडं खूण केली. "तिकडं शोभत्यात."

मी बघतच राहिले. त्यांनी दगड फेकले नाहीत, फोडले नाहीत. भावकीच्या वावरात दोरी ताणली आणि तिच्यावर एकेक दगड सरळ रोवला. आकडेसुद्धा ओळीनं. कंपनीला जमीन घ्यायचीच असेल तर ती दगड बघून घेणार. मग दगड आपल्यात कशाला, भावकीत असावेत. एवढा साधा हिशेब. भावकीतले चुलत सासरे काही कमी नव्हते. त्यांनी भांडण केलं नाही, तक्रार केली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी तीच दोरी लावून दगड गायरानाच्या कडेला नेले. गायरान सरकारचं, सरकारनं सरकारची जमीन घ्यावी, आमचं काय जातंय! तिथं ते दगड इतके देखणे दिसायचे, की पाहुणे विचारायचे, नवा रस्ता होणार का?

ह्यांनी पहिल्यांदा दगड परत आणून रोवले. आबांनी परत नेले. ह्यांनी परत आणले, तेव्हा आबा वावरात येऊन उभे राहिले.

"तू कुनाचं खातुस?"

"कंपनीचं."

"आन् हायस कुनाचा?"

ह्यांनी हातातला दगड खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही, आणि दगड परत गायरानाच्या कडेला गेले. माझा नवरा शूर होता, पण बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्या वेळी मला त्याची कीव आली. नंतर राग आला. आता वय झालं तरी दोन्ही येतात.

मग ह्यांनी वेगळा उपाय काढला. दगड गेले तर गेले, पाइप कुठून जातो हे त्यांच्या पायांना माहीत होतं. रोज दोनदा त्याच रेषेवरून, पाऊल इकडचं तिकडं न करता चालायचं. चालून चालून वावरातून पाऊलवाट पडली, बरोबर पाइपावर. गावातलं कुणी खणायला निघालं की हे सांगायचे, माझी पाऊलवाट सोडून खणा. आबा ती पाऊलवाट दर हंगामात नांगरून टाकायचे आणि हे दर हंगामात नव्यानं पाडायचे. बाप-लेक रात्री एका ताटलीतलं कोरड्यास भाकरीशी खायचे आणि वावरातल्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

ह्यांनी कंपनीत सांगितलं नाही असं नाही. ते साहेबांकडं गेले होते, टोपी हातात घेऊन. "दगड हललेत साहेब."

"कुणी हलवले?"

इथं ह्यांचं तोंड बंद. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साहेब म्हणाले, "मी परवाच जीपमधून पाहिलं. सगळे एका रेषेत आहेत. कुणी हलवले असते तर असे राहिले असते?"

साहेबांना काय माहीत, की बांध कोरणाऱ्या गावात हललेला दगड जास्त सरळ असतो! टेप धरून मोजायला दोन माणसं आणि एक सकाळ लागली असती. पण मोजलं की गावाशी बोलावं लागलं असतं, आणि बोललं की खाली काय आहे ते सांगावं लागलं असतं. ह्यांनी तेही सुचवलं. म्हणाले, "साहेब, लोकांना एकदा खरं सांगा, इख हाय म्हना. आपसूक कुनी खंदनार न्हाई." साहेब म्हणाले, "तुम्ही तुमचं चाला."

त्या वर्षांत आमच्याकडं खोल्यांचं वेड आलं. कंपन्यांत माणसं येत होती, कोकणातून, सातारकडून, मराठवाड्यातून, आणि त्यांना राहायला जागा नव्हती. ज्याच्याकडं रस्त्याकडेला जमीन, त्यानं ओळीनं दहा खोल्या बांधायच्या, वर पत्रे टाकायचे, की घर चालतं. आबांनीही ठरवलं. पण त्यांना भाड्यापेक्षा दुसरी ओढ होती. बांधकाम दिसलं की सरकार ती जमीन संपादनातून सोडतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वावर वाचवायचं असेल तर वावरात भिंती पाहिजेत. आणि भिंतींसाठी त्यांनी जी जागा नेमली ती रस्त्याच्या तोंडाची, जिच्या खालून पाइप जातो ती.

त्या दिवशी मात्र हे बोलले. "आबा, हितं नगं. हिरीकडं बांधू."

"हिरीकडं काळी जमीन हाय. तितं भिताडं घालू?"

"खाली लाइन हाय."

"लाइन तिकडं गायरानात हाय. सगळं गाव बगतंय की."

हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं दगड हलवले, तो आता दगडाकडं बोट दाखवून पाइप तिकडं आहे म्हणत होता. तो खोटं बोलत होता का? मी कितीदा तरी विचार केला आहे. मला वाटतं, नव्हता. बांध एकदा सरकवला की तोच खरा, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. दगड सरकला म्हणजे त्याखालचं सगळं सरकलं, अशी त्यांच्या मनाची धाटणीच झाली होती. शिवाय, कंपनी गॅसची भीती घालते ती आपण बांधू नये म्हणून, मग मोकळी जमीन घ्यायला तिला बरं, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

ह्यांनी शेवटची विनवणी केली. "मंग आदी मला पाइप हुडकू द्या. खुरप्यानं उकरतो. पाइप दिसला की त्याच्या अल्याड-पल्याड पाया घेऊ. तंवर पहार लावू नगा."

आबा मोठ्यानं हसले. "खुरप्यानं पाया खंदत्यात व्हय? लोक शेन घालतील तोंडात."

ह्यांनी पुन्हा साहेबांना गाठलं, की आमच्या वावरात पाया खणणार आहेत, चार दिवस मला तिथंच उभं राहू द्या. पण त्याच आठवड्यात कंपनीत मोठे पाहुणे येणार होते. रस्ता झाडत होते, झाडांना चुना लावत होते. साहेबांनी ह्यांच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला. लाइनचे दगड पाहुण्यांना जीपमधून दिसतात, ते रंगवून चकचकीत करा. म्हणजे ज्या दगडांखाली काहीही नव्हतं, ते दगड रंगवायला पाइप राखणारा माणूस गायरानात पाठवला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच असावं.

त्याच दिवशी आबांनी पाया धरला. खणायला एक जोडपं बोलावलं होतं. मराठवाड्यातलं, दुष्काळात इकडं आलेलं, आकुर्डीच्या पुलापाशी पाल टाकून राहणारं. दोघंही तिशीच्या आतली. तो खणायचा, ती घमेल्यानं माती टाकायची. मी पाण्याची कळशी घेऊन गेले तर चर कमरेएवढा झालेला. त्यानं पाणी पिऊन "लई गार हाय वो बाई" म्हटलं. मी त्याला सांगितलं, "दादा, थांबा. ह्याच्या खाली गॅसचा पाइप आहे. पहार मारू नका, फुटला तर मराल."

तो थांबला. आबांकडं बघितलं.

"सून हाय माजी," आबा म्हणाले. "तिला काय कळतंय? तू खंद."

त्यानं माझ्याकडं बघून कसंनुसं हसून दाखवलं. "मालक म्हनतील तसं, बाई." त्याच्या बायकोनं मला विचारलं, "खरंच हाय का काई?" मी म्हटलं, "खरंच आहे, त्याला वर काढ, मी ह्यांना घेऊन येते." आणि कळशी तिथंच टाकून गायरानाकडं पळत सुटले. नऊवारीचा घोळ धरून, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं, सगळं शिवार बघत होतं.

ह्यांना बोलवायची गरजच पडली नाही. मला पळताना बघूनच ते ओळखून चुकले. ब्रश टाकला आणि माझ्या बाजूनं वाऱ्यासारखे गेले. मी मागं वळले तोवर तिकडून तिची किंकाळी आली.

तो चरात पालथा पडला होता. पहार पाइपाच्या जोडावर बसून बीड तडकलं होतं आणि खालून नुसता सूं सूं आवाज येत होता. ती आत उतरायला निघाली होती; ह्यांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं, मला सांगितलं, "हिला धर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ने." आबा काठावर उभे, बोटांत पेटलेली विडी. ह्यांनी बापाच्या हातावर फटका मारून ती विडी दूर उडवली आणि पायानं विझवली. उभ्या आयुष्यात त्यांनी बापावर हात उचलला तो एवढाच. मग बैलाचा कासरा घेतला, श्वास कोंडून आत उतरले, त्याच्या काखेतून कासरा घातला, वर आले, दम घेतला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ओढला. त्याला बाहेर ठेवून हे तसेच प्लँटकडं धावले, गॅस बंद करायला. तिथं पोचून त्यांना ओकारी झाली आणि पुढं चार दिवस त्यांचं डोकं उठत होतं.

तो मेला होता. पण त्या गॅसनं त्याचा चेहरा इतका लालसर, टवटवीत दिसत होता, की कुणाला पटेना. ती तर म्हणत होती, "झोपलाय वो, दमलाय, उठंल." तिनं त्याच्या तोंडावर माझ्याच कळशीतलं पाणी मारलं. कितीतरी वेळ मारत होती.

गॅस बंद झाला म्हणून भट्ट्या थंड पडल्या आणि भट्ट्या थंड पडल्या म्हणून साहेबांची जीप आली. माणूस मेल्यामुळं आली असती की नाही, कोण जाणे.

मग वरातीमागून घोडं. वावरात कवटीच्या चित्राचे फलक लागले, कंपनीच्या माणसांनी गावात फिरून खाली विषारी गॅस आहे म्हणून सांगितलं, टेप धरून पाइप शोधला, आणि तो निघाला बरोबर ह्यांच्या पाऊलवाटेखाली. आता कुणीतरी दोषी पाहिजे होता. दगड जागेवर नाहीत, हे साहेबांना कुणीच सांगितलं नव्हतं म्हणे. आणि पाया खणला तो लाइन राखणाऱ्याच्याच घरच्या वावरात. त्यातून सगळ्या गावानं ह्यांना त्या दिवशी दगडांपाशी बघितलेलं, हातापायांना पिवळा रंग. साहेबांनी दोन आणि दोन चार केले: बापाला खोल्या बांधता याव्यात म्हणून लाइनवाल्यानंच दगड हलवले.

चौकशी चावडीवर ठेवली होती. त्या सकाळी मी भाकरी थापायची सोडून आबांपुढं जाऊन उभी राहिले. तोवर त्यांच्याशी मी मान वर करून बोलले नव्हते.

"मामा, आज तुम्ही सांगा. दगड मी हलवले म्हणा. नाहीतर ह्यांची नोकरी जाईल आणि माणूस मारल्याचा डाग बसेल."

ते बराच वेळ पटका बांधत राहिले. "म्या बोललो तर कंपनी म्हनंल, करार मोडला. उरलेलं वावर जाईल."

"आणि मुलगा?"

"नोकरी दुसरी मिळंल त्याला. जमीन मिळंल व्हय?"

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, रडतील, चिडतील, माझ्यावर ओरडतील. ते हिशेब करून मोकळे झाले होते. ते वावर पुढं रस्त्यात गेलंच, आबांच्या डोळ्यांदेखत. पण त्याचा मला आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही.

चावडीवर कंपनीचे तिघं खुर्च्यांवर बसले होते, गाव खाली. बायका मागं भिंतीला टेकून. मेलेल्याची बायको दाराजवळ एकटी बसली होती. तिला कुणी काही विचारणार नव्हतं, तिला नुसतं बोलावलं होतं. साहेबांनी ह्यांना विचारलं, "दगड कुणी हलवले?" हे गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. आबा ह्यांच्या शेजारी मांडी घालून, नजर समोर.

मी उभी राहिले. म्हटलं, "दगड ह्यांनी नाही हलवले. आबांनी हलवले, मी डोळ्यांनी बघितलंय. ह्यांनी दोनदा परत आणून रोवले. साहेबांना येऊन सांगितलंही होतं. पाया खणू नका म्हणून बापाच्या विनवण्या केल्या."

आबांनी मान वळवली नाही. साहेबांनी ह्यांना विचारलं, "ही म्हणते ते खरं आहे?"

ह्यांनी बापाकडं बघितलं. बापानं त्यांच्याकडं बघितलं नाही. मग हे म्हणाले, "न्हाई साहेब. बाईमानूस हाय, घाबरलीया. तिला वावरातलं काय ठावं न्हाई. दगड म्याच हलिवले."

मला वावरातलं काही ठाऊक नाही! ज्या वाटेवर मी त्यांच्यामागून चालत होते, जिच्यावरचं प्रत्येक पाऊल त्यांनीच मला दाखवलं होतं, तिथलं मला काही ठाऊक नाही! भर चावडीत माझ्या नवऱ्यानं मला खोटं पाडलं, बापाचं तोंड राखायला. साहेबांचं काम झालं. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, नोकरीवरून काढल्याचं तिथंच सांगितलं आणि बाकीचं पोलीस बघतील म्हणून उठले.

तेवढ्यात दाराजवळची ती उठली. सरळ ह्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"दगड तूच हलिवलास," ती म्हणाली, "मग त्याला वर काढाय कशापायी आलास?"

आबा पटक्याचा शेव नीट करत होते. मला राहवेना. मी बायकांतून पुढं झाले, तिचा हात धरला. म्हटलं, "ताई, मी खरं सांगते. ह्यांनी नाही हलवले. त्या दिवशी तुला सांगितलं तेही खरं होतं, आज सांगतेय तेही खरंच आहे."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग सावकाश आपला हात सोडवून घेतला.

"तुमी तर म्हननारच की, बाई," ती म्हणाली. "माझा जिता असता, तर मीबी आसंच म्हनले आसते."